दोन पौंड हवा

रेवणनं आधी दाखवली ती चकचकीत चाकं,
चौदा इंची, पाच पाकळ्यांची,
त्यांच्यावर काठासारखा पातळ टायर.
"मामा, व्हॅन नवरीसारखी दिसंल बघा."
मी म्हणालो, माझी बहीण बासष्टची आहे,
आठवड्यातून दोनदा तिचं रक्त धुवायला नेतो.
नवरी नको.

इलाही मिस्त्री तेव्हा पलंगाखाली शिरावं
तसा व्हॅनखाली शिरलेला.
तिथूनच बोलला, "काय बे रेवण,
खड्डा काय चाकाचं तोंड बघतो का?
रिम वाढली की रबराचा गाल बसतो.
गालात मांस पाहिजे.
चापट गालानंच खायची असती."

मग बाहेर आला, कोपरापर्यंत ग्रीस.
आधीचा मालक टॉवेलचे गठ्ठे वाहायचा,
त्यानं मागं एक पाटा जास्त घातलाय.
पाटे गठ्ठ्याला ओळखतात.
चाळीस किलोच्या बाईला ते विचारत नाहीत,
सरळ टपाकडे फेकतात.

हे मला कळलं.
तीस वर्षं मी मागावर उभा होतो.
ताण चढला की सूत तुटतं,
उतरला की चादर पोट सोडते,
आणि बरोबरचा ताण कुठल्या पट्टीवर नसतो,
तळहाताला माहीत असतो.

इलाहीनंही तळहातच टेकला,
बंपर दाबला आणि सोडला.
गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर,
पुन्हा थोडी.
"शॉकअप मेलाय. जिता असतो
तो एकदा उठतो आणि गप बसतो."

बारा इंचीच ठेवली मग.
नवे टायर, जाड गालाचे. शॉकअप चारी नवे.
पाटा काढून त्यानं माझ्याच हातात दिला,
घरी न्या, दाराला अडसर होईल.
हवेचं मात्र बजावून सांगितलं:
पंपावरचं पोरगं सगळ्यांना पस्तीस भरतं,
दाराच्या कडेला कंपनीनं चोवीस लिहिलंय,
ते वाचत जा.

शुक्रवारी विडी घरकुलातून निघालो.
मार्केट यार्डापुढं कांद्याच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता
आम्ही लोण्यावरून गेल्यासारखे गेलो.
मी आरशात बघत होतो, अक्का काही बोलेल म्हणून.
तिची बोटं मांडीवर, पान वळल्यासारखी हलत होती
आणि मधेच थांबली.

"वाट बदललास का रे?"
नाही अक्का.
"मग मी कुठं आहे?"

साखरेनं तिचे डोळे नेले, मूत्रपिंडं नंतर.
चार वर्षं ती हा रस्ता पाठीनं वाचत होती:
दोन लहान, एक मोठा म्हणजे यार्ड.
लांब थरथर, तिथं रूळ.
बिरय्याच्या तंबाखूच्या दुकानापुढची गटार
डावीकडून कंबरेत.
त्यानंतर तीनशे मोजले की सुई.
माझ्या साडेनऊ हजारांनी
ती पाटी कोरी केली होती.

परतताना मी नावं मोठ्यानं सांगत आलो.
ती हो हो म्हणाली,
जसं आपण दुसऱ्याच्या घरचे फोटो बघताना म्हणतो.

शनिवारी इलाहीकडे गेलो. म्हणालो,
ती मागं डावीकडे बसते.
त्या चाकात दोन पौंड वाढव.
त्यानं नळी हातात धरली आणि माझ्याकडे बघत राहिला.
"गुंडेटी मामा, लोक धक्का घालवायला येतात."
मग भरली. पैसे घेतले नाहीत.
रेवण हसणार होता,
इलाहीनं त्याला पाना आणायला पाठवलं.

मंगळवारी गाडी एका जागी
डाव्या अंगानं जराशीच उचलली,
झोपेतल्या माणसानं कूस बदलावी इतकी.
मागून आवाज आला, "बिरय्याचं दुकान."
बोटं पुन्हा मोजू लागली होती.

मी बाहेर पाहिलं.
सहा वर्षांपासून तिथं मोबाईलचं शटर आहे.
गटार तीच.
होय अक्का, म्हणालो,
बिरय्याच.